आलेल्या दारानेच

रात्रीचे सव्वादोन. लिएपायाचा वारा
खिडकीच्या फटीत शीळ घालतोय,
आणि मी एका सर्व्हरला दुसरा पत्ता देतेय
जो मी जन्मात पाहिलेला नाही.
कुठल्याशा फिनिश गावात आहे म्हणतात,
तेही अख्खं यंत्र नव्हे,
मोठ्या यंत्राचा भाड्याने घेतलेला कोपरा.

पहिला सार्वजनिक पत्ता बोटीच्या तिकिटांचा.
दुसरा कालच घेतला, मालवाहू खात्यासाठी.
तिसरा खाजगी, दहाने सुरू होणारा,
बाहेर कुणाला सांगून उपयोग नाही.
घरोघरी मातीच्या चुली, तशी आमच्या गावात
घरोघरी मिन्का नावाची मांजर;
हाक मारली की ज्याची त्याची येते.

तिन्ही पत्ते जागच्या जागी. तरी बंदरावरून
आइवार्सचा फोन : मेलंय का तुमचं यंत्र?
मेलेलं नाही, आइवार्स. मला दिसतंय ना,
दुसऱ्या दारावर थाप पडते,
ते लगबगीने उत्तर देतं,
पण बाहेर पडतं पहिल्याच दाराने,
कारण त्याला तेवढीच वाट शिकवली होती.
आणि तुझं यंत्र म्हणतं, तू कोण? तुला कुणी विचारलं?
उत्तर न उघडताच कचऱ्यात.

मग मला तळमजल्यावरची वेल्टा आठवली.
चाळीस वर्षं टपाल वाटलं तिने.
आमच्या रस्त्याची तीन नावं झाली, तिन्ही तिला पाठ.
वरच्या मजल्यावरच्या बाईला ल्युबेकहून भावाची पत्रं यायची,
जुन्या नावाच्या रस्त्यावर, आणि पोचायचीही.
बाई उत्तर लिहायची, पाकिटामागे नवं नाव.
भाऊ ते परक्याचं समजून फेकून द्यायचा.
अकरा वर्षं.
शेवटी वेल्टाच म्हणाली,
अगं, तो ज्या नावाने हाक मारतो
तेच लिही ना मागच्या बाजूला.

फाइल उघडली. दुसऱ्या पत्त्यासाठी
वेगळा तक्ता, वेगळी वाट,
आणि एक नियम : जे ज्या दाराने आलं
त्याचं उत्तर त्याच दाराने.
डावीकडे दोन रिकाम्या जागा सोडायच्या,
एक कमी पडली तरी सगळं रुसतं.
(एक कमी पडली होती.)

आता एकशेवीस सेकंद.
तेवढ्यात मी होकार दिला नाही
तर सगळं आपोआप पूर्ववत.
असली सोय माणसांना कुठली!
पडदा गोठला. नव्वद. साठ.
वाटलं, मीच स्वतःला बाहेर कोंडलं.
एकोणीस राहिले असताना फोन थरथरला.
आइवार्स. एकच शब्द : आलं.

एंटर दाबलं. चहा केव्हाच गार झाला होता.
खाली वेल्टाच्या खोलीत दिवा होता,
तिला झोप कमीच.
त्या भावाचं पत्र मग आलं का,
ते तिने सांगितलं नव्हतं.
मीही तेव्हा विचारलं नाही.