अधिक-उणे चार

सोमवार ते शनिवार
उद्यमबागेत, शेड नंबर नऊच्या खिडकीपाशी
मी पिना तपासते.
मायक्रोमीटरची फिरकी तीनदा
कट् कट् कट् वाजू द्यायची, मगच वाचायचं.
केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक पडला
तरी माल परत.
हाताच्या उबेनं लोखंड फुगतं,
तेसुद्धा धरतात हिशोबात.

रविवारी मात्र मला
चार मीटर माफ.

पिवळं यंत्र, सेकंडहँड,
रबराचं बटण माझ्याआधीच्या कुणाच्या तरी अंगठ्यानं झिजलेलं.
हिंडलगा, सुळगा, तुरमुरी मागं टाकत
बाचीच्या पुढं गाडी लावायची.
रताळ्याचे वाफे जिथं संपतात
आणि जांभा दगड उघडा पडतो,
तिथं कुणा वि. हंपण्णवरांनी
एक डबा लपवलाय.
मला त्यांचे फक्त आकडे माहीत:
एक अक्षांश, एक रेखांश.

काजूच्या सावलीत उभी राहिले तर
मोबाईल थरथरला: महाराष्ट्रात आपले स्वागत.
पाण्याची बाटली उघडेतो पुन्हा:
कर्नाटकात आपले स्वागत.
मी जागची हललेसुद्धा नव्हते.

झाडाखाली उपग्रह निघून जातात
जेवण झाल्यावर पंगत उठावी तसे.
नवाचे सहा, सहाचे पाच.
चाराची चूक अकरावर जाते.
बाण एकदा सावंतवाडीकडं, एकदा माझ्याकडंच.
पोचलात, म्हणतं यंत्र.

पोचले. पण कुठं?

हंपण्णवरांचं यंत्र तरी काय सोन्याचं असणार?
त्यांनी डबा ठेवला तेव्हा त्यांची चूक,
मी आले तेव्हा माझी.
दोन वर्तुळं एकमेकांत थोडीशी शिरतात,
तेवढ्यात गुडघे टेकून
मी पाला उपसत बसते.
विंचवाला भीत.

“काय हुडकूलासा ओ अक्का?”

दोन म्हशी, एक पोरगा, हातात करवंदीची फोक.
हुडकणं.
पुण्याची वहिनी याला शोधणं म्हणते.
पलीकडच्या वाडीत हुडुकु म्हणतात.
हा शब्द मूळचा कुठल्या बाजूचा
ते मला सांगता येणार नाही,
माझ्या तोंडात तो आधीपासूनच होता.

“डबा? त्यो थितं न्हाई.
म्हशीनं पाय दिला असता, म्हणून म्या सरकीवला.”
लगमाण्णा त्याचं नाव.
अकरा पावलं चालत गेला,
कपारीतला दगड काढला, आणि उभा राहिला
शाळेत बरोबर उत्तर दिल्यासारखा.

लोणच्याची बरणी, टायरच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेली.
आत गोटी, शर्टाचं बटण, पेन्सिलीचं थोटूक
आणि पाऊणशे पानी वही.
सापडला, असं कुणी. कुणी सिक्तु.
एकानं नुसता चहाचा डाग सोडलेला,
तारखेसकट.

मी माझी वस्तू ठेवली:
तीन मायक्रॉननं नापास झालेली पिन.
इथं ती पास.

आकडे दुरुस्त करून कळवावेत का हंपण्णवरांना?
अकरा पावलं, पूर्वेच्या अंगाला.
यंत्र काढलं, बटणावर अंगठाही ठेवला.
मग म्हटलं, नको.
आकडे बरोबर असते
तर मी या पोराला ओलांडून गेले असते.
पुढच्यालाही विचारू दे कुणीतरी
काय हुडकूलासा म्हणून.

सोमवारी पहिली पिन उचलताना
नखात तांबडी माती दिसली.
नळावर जाऊन हात धुतले, फडक्यानं पुसले.
मायक्रोमीटरला
तीही मोजता येते.