अदिस अबाबा ते अस्मारा

पियाझाच्या चढावर आमचं तिकिटांचं दुकान.
भिंतीवर मालकाच्या वडिलांनी टाइप करून लावलेला अंतरांचा तक्ता,
काचेखाली, चहाच्या डागासकट.
त्यात तेविसावी ओळ:
अस्मारा. सातशे किलोमीटर. सव्वा तास.

वीस वर्षं ती ओळ कुणी खोडली नाही.
खोडायला काच काढावी लागली असती,
काच काढायची तर खिळे.
तिकडे सरहद्दीवर खंदक खणले गेले, फोनच्या तारा मुक्या झाल्या,
इकडे मी नोकरीला लागलो, माझं डोकं पिकलं.
गिऱ्हाईक दुबई विचारायचं, बैरूत विचारायचं,
आणि जाताजाता एखादी नजर तेविसाव्या ओळीवर
जरा टेकून जायची,
परक्या ओट्यावर म्हातारं माणूस टेकतं तशी.

लेतेब्रहान दर महिन्याला यायची. तिकिटासाठी नाही.
शेजारच्या बूथवरून स्टॉकहोमला फोन लावायची,
नंबर लागेपर्यंत आमच्या बाकावर.
स्टॉकहोमला तिचा भाचा, येमाने.
कामावरून यायचा, बूट न काढता
एका हातात मावशी धरायचा, दुसऱ्या हातात आई,
दोन रिसीव्हर उलटसुलट जोडून:
हिच्या तोंडाला तिचा कान.
हात भरून यायचे त्याचे. बहिणींचं संपायचं नाही.
एका रिकाम्या दुपारी बिलाच्या पाठीवर मी हिशेब मांडला.
इथून स्टॉकहोम, तिथून अस्मारा,
अकरा हजारांच्या वर गेला आकडा,
आणि मधे त्या पोराच्या दोन मुठी.

मग एका जुलैत विमान सुरू झालं.
रांग पार पोस्टापर्यंत.
लेतेब्रहाननं विचारलं, "किती वेळ?"
म्हटलं, "सव्वा तास."
"म्हणजे?"
"म्हणजे कॉफी मांडलीत, बिया भाजल्यात, कुटल्यात,
पहिली फेरी झाली, दुसरी झाली,
की तिसरीच्या आत उतरायचं."
"तिसरी तर आशीर्वादाची."
"ती तिकडे घ्या."

तिकिटावर सकाळचे सात.
आपल्या घड्याळात तो एक; मी गोल करून दोनदा सांगितलं.
तरी म्हणे मध्यरात्रीच विमानतळावर जाऊन बसली,
पिशवीत चार किलो हिरव्या बिया.

महिन्याचं तिकीट. नवव्या दिवशी परत.
सवयीनं बाकावर येऊन बसली,
बूथचं शटर ओढलेलं.
"भांडलात?"
नाही म्हणाली. अब्रेहेतचे गुडघे गेलेत,
बाकी तीच आहे. आईचं तिपाई स्टूलसुद्धा आहे.
"पण आम्ही ओरडतो रे.
समोरासमोर बसून, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ,
एक वाक्य बोलते आणि थांबते,
ते तिकडून फिरून येईपर्यंत.
मग ती ओरडते. मग थांबते.
शेजारीण धावत आली, कोण गेलं म्हणून."

जरा वेळ गप्प राहिली.
मीही बोललो नाही,
वाटलं, अजून काहीतरी पोचायचंय.

"निघायच्या रात्री येमानेचा फोन आला.
एकाच फोनला आम्ही दोन्ही बाजूंनी कान लावले.
तो म्हणाला, मावशी,
माझे हात रिकामे आहेत,
काय करू यांचं?"

मग चष्मा पुसून ती तक्त्याजवळ गेली,
बोटानं ओळी मोजत,
स्टॉकहोम कुठे लिहिलंय ते शोधत.