उजवी विंग

अंबादास येमूलचा डावा कान मागावर गेला.
एकोणतीस वर्षं त्यानं टॉवेल विणले,
खटाखटात एक कान ठेवून आला.
म्हणून आमचं अख्खं नाटक उजवीकडं झुकलेलं.
सोफा उजवीकडं, दार उजवीकडं,
बायको रुसायची तीही उजव्या कोपऱ्यात,
कारण उजव्या विंगेत मी उभा,
हातात वही, दातांत बॅटरी.

तालीम अशोक चौकामागच्या बालवाडीत,
रात्री साडेआठनंतर,
बोटभर उंचीच्या खुर्च्यांवर
गुडघे छातीशी घेऊन बसलेली मोठी माणसं.
नाटक घरगुती. नवऱ्याची नोकरी गेलीय,
तो बायकोपासून लपवतो.
बायकोला कळलंय,
ती कळल्याचं लपवते.
सासूला दोन्ही ठाऊक,
तिला फक्त चहा हवाय.

दिग्दर्शक सुरवसे मास्तर रोज बजावत,
“‘काय करलालाव’ नाही, अंबादास, ‘काय करताय’!
परीक्षक बाहेरचे असतात.”
अंबादास मनापासून मान हलवायचा.
मास्तर डाव्या बाजूला उभे असायचे.

सोफा आमच्या घरचा.
“न्या,” उज्ज्वला म्हणाली, “अभ्रे मात्र धुऊन आणा.”
आणि आठ दिवस ती जमिनीवर चादर टाकून
शेंगा निवडत बसली,
भिंतीवरच्या चौकोनी डागाकडं पाठ करून.

प्रयोग बुधवारी, सात वाजता.
पहिल्या अंकाला कोणीही हसलं नाही.
एक परीक्षक खोकले,
आम्ही ते हसण्यात धरलं.

दुसऱ्या अंकात
तिसऱ्या रांगेत मोबाइल वाजला.
“आलं? कधी? मोटर लाव, मी निघालेच.”
आवाज मी ओळखला.
पाचव्या दिवसाचं पाणी सातव्या दिवशी आलं होतं
आणि ती एकटी उठली नाही.
बातमी रांगेरांगेतून सरकली,
पदर सावरले गेले, चपला शोधल्या गेल्या,
बावीस बायका, पाच-सहा पुरुष,
आणि झोपलेलं एक पोर खांद्यावर.

राजेश्वरी चिप्पा वाक्याच्या मध्यात थांबली.
दिवसभर शाळेचे गणवेश शिवणारी बाई,
एरवी टाका चुकत नाही तिचा.
मी वही उलटली. पान उलटलं. परत उलटलं.
वहीत याचं काही नव्हतं.
मी तोंड उघडलं, नुसतंच.

अंबादासला फोन ऐकूच आला नव्हता.
त्याला दिसल्या फक्त पाठी.
तो सोफ्यावरून उठला, पुढं आला,
आणि मागावरच्या आवाजात,
माइकची गरज नसलेल्या त्या आवाजात
घरचंच विचारलं,
“काय करलालाव बे?”

राजेश्वरीनं त्याची बाही ओढली.
“पाणी आलंय, अहो.”
मग दाराकडं बघून,
“जाताय तर आमचंही एक पिंप भरून ठेवा!
नोकरी गेलीय यांची, बादलीसुद्धा गळकी आहे!”

हसू दारापासून सुरू झालं.
चौकटीला हात लावून उभ्या होत्या त्या हसल्या,
दोघी तर परत येऊन बसल्या,
जाऊ दे, म्हणाल्या, जावबाई भरेल.
सासूला हसू आवरेना, तिनं तोंडात पदर कोंबला.
मास्तरांनी कपाळाला लावलेला हात
तसाच ठेवून, खाली तोंड लपवून घेतलं.
नोकरी गेल्याचं गुपित तिसऱ्या अंकात फुटायचं होतं.
कोणाच्या लक्षातही आलं नाही.
मी ते वाक्य पेन्सिलीनं वहीत लिहून घेतलं.
प्रयोग तर तो एकच होता.

निकाल पुढच्या आठवड्यात लागला.
नेपथ्याला उत्तेजनार्थ.
परीक्षकांचा शेरा होता,
“घराची एका बाजूला झुकलेली रचना अर्थपूर्ण.”
अंबादासनं तो दोनदा वाचायला लावला,
उजव्या बाजूनं.

पण त्या रात्री
टेम्पोतून सोफा उतरवेस्तोवर साडेबारा झाले.
घरात पिंपं, कळशा, कुकर,
डब्यांची झाकणंसुद्धा भरलेली.
पाय कुठं टाकावा कळेना.
उज्ज्वला ओल्या साडीतच सोफ्यावर टेकली.
“मी उठल्यावर पुढं काय झालं?”

मी सांगायला लागलो.

“मोठ्यानं बोला की हो,” ती म्हणाली,
“घरात कोण झोपलंय?”