पन्नास मैलांनंतर

आमच्या दुकानात, गल्ल्याच्या वर,
बावीस इंची काळं चाक टांगलेलं आहे.
दर शनिवारी ते पुसायचं काम माझं.
जेम्सटाउनात असा पोरगा नसेल
ज्याने त्याच्या आऱ्यांत आपलं तोंड पाहिलं नाही.
मीही पाहिलं. हप्ते अजून फेडतोय.

नोव्हेंबरात आयोन ट्वेट आली.
एक टनी डिझेल पिकअप, पाठीला लांब ट्रेलर जोडायचा गोळा,
डॅशबोर्डवर वाळून गेलेल्या सहा मधमाश्या.
ओडेगार्ड म्हणाला, जा, बाईंना चाकं दाखव.
मी सरळ भिंतीकडे बोट केलं.
तिने वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं.
मला वाटलं, लागली गळाला.
मग म्हणाली,
"वजन किती झेपतं त्याला?"

वजन मला ठाऊक नव्हतं.
किंमत ठाऊक होती. रंग चार.
चाक मडगार्डबाहेर किती इंच येतं
तेही ठाऊक होतं, कारण माझं येतं,
आणि पाऊस झाला की माझ्या गाडीची दारं
कुणी चिखलाने सारवल्यासारखी दिसतात.

तिने पावतीच्या पाठीवर हिशोब मांडला.
पेटीचे ऐंशी पौंड, चोवीस पेट्या गाडीवर,
अठ्ठेचाळीस ट्रेलरवर,
आणि ट्रेलर आपली मान टाकतो मागच्या ॲक्सलवर ती वेगळी.
बेरीज पावणेसात हजार. भागिले दोन चाकं.
"आता काढ ते खाली."

शिडी आणली. तीन वर्षांत पहिल्यांदा
मी त्या चाकाची मागची बाजू पाहिली:
धूळ, कोळ्याचं जाळं,
आणि ठसा: दोन हजार आठशे पौंड.
ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.
"जानेवारीत बदामाच्या बागा गाठायच्या असतात," म्हणाली,
"इथून कॅलिफोर्निया. मधे मोंटाना, मधे खिंडी.
टायर फुटला तर मी कडेला उभी राहीन.
त्यांना कडेला उभं राहता येत नाही."

तिने घेतली सतरा इंची, लोखंडी, राखाडी,
शाळेच्या बसला शोभतील अशी.
दहा पदरी टायर, उंच गालांचे, खडी सोसणारे,
बाजूला तीन शिखरांत कोरलेली बर्फाची चांदणी.
मग गुडघ्यांवर बसून
चारही टायरांच्या जन्मतारखा वाचल्या.
"हा बाकीच्यांहून दीड वर्षाने थोरला.
दुसरा आण."
ओडेगार्ड कॉफीच्या कपाआड लपला.

मी म्हणालो, नवे टायर बोटभर उंच आहेत,
काटा थोडं खोटं बोलेल,
सत्तरला अडुसष्ट दाखवेल.
ती म्हणाली,
"म्हणजे मला वाटेल त्याहून
मी जराशी पुढेच असेन."

आठ नट. एक आवळायचा, मग त्याच्या समोरचा,
पान्याची टिक ऐकू येईपर्यंत, एकशे चाळीसवर.
पन्नास मैलांनी परत या, मी म्हणालो,
पुन्हा आवळायला लागतात.
हे मी सगळ्यांना सांगतो. कुणी येत नाही.

ती संध्याकाळी आली.
सायलेन्सर थंड होताना टिकटिकत होता.
एकतीस नट जागचे हलले नाहीत,
मागच्या डाव्या चाकाचा एक
केसभर फिरला.
रिमच्या कडेवर एक माशी चालत होती,
केबिनच्या उबेतून सुटलेली, गोंधळलेली.
हिशोबाची ती पावती तिने पुढे धरली,
माशी चढली, थेट पावणेसात हजारांवर,
आणि बाई तिला तशीच, हाताचा आडोसा करून,
हीटरजवळ घेऊन गेली.

काळं चाक मी पुन्हा टांगलं.
पोरं येतात, मी किंमत सांगतो.
कुणी वजन विचारलं तर शिडी देतो.

त्या रात्री दुकान बंद केल्यावर
मी माझ्या स्वतःच्या गाडीला पाना लावला.
बसवून झाले होते नऊ हजार मैल.
पहिला नट ठीक. समोरचा ठीक.
तिसरा
अर्धा फेरा फिरला.