प्रतवारी

एकतीस हंगाम वडनेरच्या जिनात
मी बंडीत हात घातला कोपरापर्यंत,
चिमूटभर कापूस काढला,
दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून ओढला, पुन्हा ओढला,
काळ्या कोटाच्या बाहीवर तार ठेवली
आणि भाव बोललो.
मागच्या बंडीचे बैल तोवर पुढे सरकलेले असत.

आता माझी चिमूट गेली आहे नागपूरला.
बारा सुया, बारा बाटल्या,
प्रत्येकीवर लढी मारोतराव, वय सदुसष्ट.
आत दोऱ्याचे तुकडे, भिजलेले.
मी विचारलं, तार केवढी निघाली?
बाटल्या भरणारा अंकुश हसला नाही.
त्याच्या बापाच्या बंडीत माझा हात गेलेला आहे.

रात्री उठतो, मोजत नाही.
पंचफुला मोजते.
बाजेवरून अंधारात आवाज येतो : चार.

डॉक्टरीण बाई माझ्या नातीएवढी.
कागदावर लिहिलं तिनं, तीन अधिक चार,
त्याखाली, चार अधिक तीन.
म्हणाली, काका, दोन्ही सातच, पण सारखे नाहीत.
चार आधी आला तर वाईट जास्त.
चौधरी गुरुजींनी आम्हाला उलटं शिकवलं होतं,
छडी मारून.

रक्तातला आकडा साडेअकरा.
तेवढ्यानं सगळं कळत नाही, म्हणाली.
काचपट्टीवर रंग चढवून पेशींतल्या खुणा बघतात,
कुठली उमटली, कुठली पुसली गेली,
त्यावरून चिरण्याआधीच अंदाज बांधायचा :
आजार कवचाच्या आत आहे की बाहेर पडला,
काढून टाकल्यावर परत फिरेल का.
म्हणजे बोंड न फोडता
आतली अळी सांगायची.
जमते का हे, बाई?
शंभरात कितीदा जमतं ते सांगते, म्हणाली,
त्या शंभरात तुम्ही कोणते, ते नाही सांगू शकत.

मग आवाज खाली घेऊन
ऑपरेशननंतरचं सांगू लागली. लघवीवरचा ताबा.
आणि ते दुसरं.
पंचफुला खुर्चीतूनच बोलली,
ते दुसरं राहू द्या बाई,
ह्यांच्या झोपेचं काय ते सांगा.
बाहेर बाकावरची माणसं ऐकत होती.
ऐकू दे.

ज्या साली नदीवरचा रपटा वाहून गेला
त्या साली सावलीच्या गणपत उमरेची बंडी आली होती.
चिमूट पिवळट, तार तुटकी.
मी तिसरी प्रत बोललो.
तो काही बोलला नाही. चिठ्ठी टोपीत खोवली आणि गेला.
दुसऱ्या दिवशी रेच्याखालून त्याची रुई निघाली
पांढरी, लांब,
त्या हंगामात तशी दुसरी नव्हती.
मी पाहिलं. प्रेसवाल्यानं पाहिलं.
आम्ही गाठी बांधल्या.
चिमूट खोटी नव्हती.
बंडी मोठी होती.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
बाईला सांगितलं, का कोण जाणे.
तिनं पेन ठेवला. म्हणाली,
म्हणून तर बारा ठिकाणाहून घेतो, काका.
मी म्हटलं, बारा ठिकाणं. बरं.
गणपतच्या बंडीत माझा हात
एकदाच गेला होता.

गुरुवारी रिपोर्ट.
कोट काढून ठेवला आहे, उन्हाळा असूनही.
बाहीच्या शिवणीत एक धागा अडकलेला सापडला,
कोणत्या सालातला, कोणाचा,
नखात धरला आणि सवयीनं ओढला.
तुटला.
एवढ्यावरून काही म्हणता येत नाही,
हे मला
नोकरीत असताना म्हणता आलं असतं.

बाईनं आकडा सांगावा, जो असेल तो.
फक्त सांगून झाल्यावर
पुढची बंडी लगेच बोलावू नये.

मोरीतून परत येतो.
बाजेवरून आवाज येत नाही.
जागी आहे, बांगडी वाजली.
मोजणं सोडलं असावं तिनं,
किंवा मनातल्या मनात.