चार कॉलम

निपाणीहून बातमी आली तेव्हा
रात्रीचे साडेनऊ. चार कॉलम रिकामे.
वार्ताहरानं साधंच लिहिलं होतं:
दहावीतली ओवी मगदूम
मुलींच्या स्वच्छतागृहाची परवानगी मागते आहे.

मी 'मागणी'चा 'हट्ट' केला.
तीन पालक होते, त्यांचा 'पालकवर्ग' झाला.
तिसरा तर तंबाखूच्या वखारीतला हमाल,
गर्दी बघून थांबलेला.
'संताप' मी इथूनच घातला,
बेळगावातून, पंख्याखाली बसून.
तिच्या नावाला अवतरणचिन्हं लावली,
चिमट्यात धरावं तशी.
शेवटी विचारलं: आपल्या मुली सुरक्षित आहेत का?
प्रश्नावर खटला भरता येत नाही.

सकाळी कन्नड पेपर उघडला.
पाटीवरच्या काना-मात्रेवरून
जन्मभर भांडतोय आम्ही;
मथळा मात्र जुळा.
माझा 'संताप', त्यांचा 'आक्रोश'.
कन्नडात आक्रोश म्हणजे राग,
मराठीत रडणं.
रडलं कोण, ते दोन्हीकडं नव्हतं.

वार्ताहराचा फोन आला:
सर, शेवटची ओळ कापलासा.
कुठली?
पाण्याच्या बाटलीची. सकाळी भरून नेते,
पाचला भरलेलीच परत आणते.
जागा नव्हती, म्हणालो.

आमच्या ऑफिसात संडास एकच.
दारावर पाटी नाही, कडी जूनपासून मोडलेली.
प्रूफवाल्या शिंत्रेबाई, मशीनवरचा हुसेन, मी,
जो तो जाताना खोकतो.
आत कुणी असलं तर
आतून खोकतं.
एवढं पुरतं.