हळदीचं बोट

अकरा वर्षांनी सेगुलामावशी सांगलीला आली
आणि चहाआधीच म्हणाली, मार्केट यार्डात चल.
राजापुरी हळकुंड तिनं कडकन मोडलं,
आतला रंग बघितला, मग बोलली.

तिकडे वस्तीवर कुणाच्याच घरात चूल नव्हती.
चारशे माणसांचं एकच जेवणघर.
आई पत्रात लिहायची, सुटलीस गं बाई!
सुटले कसली, रोज तीनशे अंडी सोलत होते,
पुढे धुलाईघरात.
ट्रॅक्टर सगळ्यांचा होता,
मला कुणी बसवलं नाही त्यावर.

पोरं झोपायची पोरांच्या घरात.
एलिशा चार महिन्यांचा. संध्याकाळी दोन तास माझा.
झबलीसुद्धा सामाईक, मापाप्रमाणे फडताळात,
आज याच्या अंगात, उद्या त्याच्या.

मी एका झबल्याला आतून, शिवणीपाशी,
हळदीचं बोट लावलं.
घड्या घालताना तेवढं बाजूला काढायचं,
त्याच्या कप्प्यात सरकवायचं.
हळद उन्हाला टिकत नाही. तिकडचं ऊन तर विचारूच नकोस.
दर शुक्रवारी, दिवे लावायच्या आत, नवं बोट.

शेजारी घड्या घालणाऱ्या मिर्यामनं एकदा पकडलं.
हा पिवळा डाग कसला?
म्हटलं, औषध.
ती काही बोलली नाही.
पुढच्या आठवड्यात धुण्यात
दोन झबली पिवळी,
आणि माझी डबी थोडी रिकामी.

आडत्या ताटकळला होता. किती बांधू?
मावशीनं बोटं पदराला पुसली.
दोघींपुरती, म्हणाली.